चौदा ओळी खिडक्या

पोटापाण्यासाठी मी पाइपांची ड्रॉइंगं काढतो. कुठला पाइप कुठून जाणार, व्हॉल्व्ह किती उंचीवर बसणार, तो फिरवायला माणसाचा हात पोचेल का, असल्या गोष्टी. रात्री त्याच टेबलावर, त्याच सवयीनं, स्टार ट्रेक या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या विश्वातली अंतराळजहाजं काढतो. ही जहाजं पडद्यावर कधी आलेली नाहीत, येणारही नाहीत. त्यांच्यावर डेडलाइन नाही आणि क्लायंटही नाही, पण चुका मात्र दिवसातल्यासारख्याच होतात.

सध्याचं जहाज दुरुस्तीचं आहे. त्या विश्वात लांबचे निरोप सबस्पेस रिलेंमधून, म्हणजे अंतराळातल्या निरोप पुढे धाडणाऱ्या ठाण्यांमधून, पुढे जातात. मग त्यातला एखादा रिले बंद पडला की कोण जातं? माझं जहाज जातं. लाइनमन म्हणा. लढाऊ जहाज मुद्दामच घेतलं नाही, कारण त्या रोगातून मी एकदा उठलोय. माझ्या पहिल्या जहाजाला इंजिनाच्या सहा नळकांड्या, म्हणजे नॅसेल, होत्या आणि टॉर्पेडो सोडायला जिथे रिकामी जागा दिसली तिथे भोक. माणसं कुठे झोपतात हे विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. हौशी मंडळींपैकी बहुतेकांचं पहिलं जहाज असंच असतं, त्याला गोवर म्हणून सोडून द्यावं.

तर हे नवं जहाज. लांबी २१० मीटर, पुढची तबकडी, म्हणजे माणसं राहतात तो चपटा गोल भाग, मध्यभागी २२ मीटर जाड, माणसं ९०. १:१००० या प्रमाणात काढलं की २१ सेंटिमीटर होतं, आडव्या ए-फोर कागदावर छान बसतं. बाजूनं दिसणाऱ्या चित्रात मी खिडक्यांच्या ओळी काढल्या, बारीक पेनानं, एकाखाली एक. दोन रात्री गेल्या. फारच देखणं दिसत होतं.

माझी भाची आठवीत आहे. तिनं कागद उचलला, बोटानं ओळी मोजल्या आणि म्हणाली, "मामा, यातली माणसं केवढी आहेत?"

"आपल्याएवढीच की."

"मग चौदा मजले कसे मावले?"

मी कॅल्क्युलेटर काढलाच नाही. २२ भागिले १४, म्हणजे एका मजल्याला १ मीटर ५७ सेंटिमीटर. त्यातून मधल्या तक्तपोशीची जाडी, केबलचे ट्रे आणि हवेचे डक्ट वजा करा. माझ्या नव्वद माणसांना ड्युटीवर रांगत जावं लागलं असतं. आणि ही चूक मी, रोज पाइपखालचं हेडरूम तपासणाऱ्यानं, केली होती.

खिडकी हा जहाजाचा सगळ्यात मोठा चुगलखोर. आकाशात शेजारी झाड नसतं, बस नसते, त्यामुळे जहाज केवढं आहे हे डोळा खिडक्यांवरूनच ताडतो. लहान खिडक्या दाट काढल्या की जहाज आपोआप मोठं वाटतं, आणि त्या मोठेपणाची हाव सुटत नाही. मलाही वाटलं, ओळी राहू देत, जहाजच दुप्पट करू. मजला ३ मीटर १४ सेंटिमीटरचा झाला, प्रश्न मिटला. पण लांबी झाली ४२० मीटर. १९६६ साली पडद्यावर आलेली मूळ एंटरप्रायझ २८९ मीटरची, तिच्यावर सुमारे ४३० माणसं. म्हणजे रिले दुरुस्त करायला निघालेला लाइनमन त्या विश्वातल्या सगळ्यात नावाजलेल्या जहाजाच्या जवळपास दीडपट! शिवाय लांबी-रुंदी-जाडी दुप्पट केली की आतली जागा आठपट होते. नव्वद माणसं त्यात एकमेकांना महिनोन्‌महिने भेटली नसती.

शेवटी ओळीच खोडल्या. चौदाच्या चार ठेवल्या. एका मजल्याला साडेतीन मीटर धरले तर २२ मीटरमध्ये सहा बसतात, त्यातले दोन विनाखिडकीचे, यंत्रांसाठी. चित्र एकदम उघडंबोडकं दिसायला लागलं. भाचीनं मात्र नव्या कागदावर चौथ्या ओळीत, मागून तिसऱ्या खिडकीवर बोट ठेवलं. "ही माझी खोली."

उघडंबोडकं दिसलं की त्यावर काहीतरी चिकटवावंसं वाटतं. पाइप, पेट्या, जाळ्या. तेव्हा मी मॅट जेफरीजना आठवतो. मूळ एंटरप्रायझ त्यांनी आखली. स्वतः विमान उडवणारा माणूस. त्यांचा विचार सरळ होता: यंत्र कधी ना कधी बिघडणार, मग ते बाहेर कशाला लावायचं? आत ठेवा, म्हणजे दुरुस्तीला कुणाला बाहेर जावं लागणार नाही. त्या जहाजाचं अंग गुळगुळीत आहे ते या हिशेबानं. इंजिनं लांब खांबांवर नेली तीही अशीच, एवढी ताकद माणसांच्या उशाशी नको म्हणून. व्हॉल्व्हपर्यंत हात पोचतो का हे बघणारा हा माणूस मला आमच्याच खात्यातला वाटतो. त्या विश्वातल्या दुरुस्तीच्या बोगद्यांना त्यांचंच नाव आहे, जेफरीज ट्यूब.

नॅसेल किती ठेवायच्या यावर आम्हा हौशी मंडळींत भांडणं कधी संपत नाहीत. मालिकेचे जनक जीन रॉडनबरी यांच्या नावावर काही नियम सांगितले जातात: नॅसेल जोडीनं असाव्यात, समोरून बघताना त्यांची तोंडं झाकली जाऊ नयेत, वगैरे. दुसरीकडे फ्रान्झ जोसेफ. हे विमान-उद्योगातले ड्राफ्ट्समन-इंजिनिअर, १९७५ साली त्यांचं स्टारफ्लीटचं, म्हणजे त्या विश्वातल्या आरमाराचं, टेक्निकल मॅन्युअल आलं, आणि त्यात तीच तबकडी, तीच नळकांडी वापरून एका नॅसेलचं डिस्ट्रॉयर आणि तीन नॅसेलचं ड्रेडनॉट काढलेलं आहे. मला ती एका नॅसेलची जहाजं आवडतात. कमी सामानात संसार मांडलेला दिसतो. आणि सामानाच्या बाबतीत खुद्द मालिकावाल्यांनीही सोवळं पाळलेलं नाही. १९९० साली मालिकेतल्या वुल्फ ३५९ च्या लढाईनंतरचा जहाजांचा भंगारसाठा दाखवायला त्यांनी तयार मॉडेल-किटचे भाग एकमेकांना चिकटवले, आणि त्यात चक्क हायलायटर पेनं वापरली. माझ्या ड्रॉवरमध्ये तसली पाच आहेत, पण धीर झालेला नाही.

तोंडं झाकू नयेत हा नियम मात्र मी पाळतो, कारण त्याला अर्थ आहे. नॅसेलच्या पुढच्या लाल चमकत्या टोपीला पुढे बुसार्ड कलेक्टर म्हणायला लागले. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट बुसार्ड यांनी १९६० साली मांडलेली कल्पना अशी की जहाजानं वाटेतला विरळ हायड्रोजन गोळा करून तोच इंधन म्हणून वापरावा. गोळा करणाऱ्या तोंडापुढे तबकडी आडवी आली तर गोळा काय होणार? माझ्या नॅसेल म्हणून खाली लोंबतात. जहाज पोट सुटल्यासारखं दिसतं, ते मान्य.

नाव हर्ट्झ ठेवलं. निरोप वाहणाऱ्या रेडिओ लहरींचं काम, आणि त्या लहरी प्रयोगानं दाखवणारा हा शास्त्रज्ञ छत्तिसाव्या वर्षीच गेला. जहाजाच्या अंगावर रंगवायच्या नंबराला मात्र ठेच लागली. हौसेनं ८६३९ घातला, इंग्रजी आकड्यांत, आणि चित्र लहान केल्यावर चारही आकडे एकसारखेच ठिपके. जेफरीजनी टीव्हीच्या पडद्यावर गोंधळ नको म्हणून ३, ६, ८, ९ टाळले होते हे मी वाचलेलं होतं. वाचून विसरलो होतो. आता १४०७ आहे.

काल रात्री लक्षात आलं की बाहेर कुणी जाऊ नये म्हणून आखलेल्या या घराण्यात माझी माणसं रोज बाहेर जाणार आहेत, आणि त्यांच्या एअरलॉकचं, म्हणजे हवा न सांडता बाहेर पडायच्या खोलीचं, दार मी ७५ सेंटिमीटरचं काढलंय. आमच्या न्हाणीघराचं तेवढंच आहे. पाठीवर भरलेली सॅक, दोन्ही हातांत हत्यारांची पेटी, असं मी त्यातून जाऊन बघितलं. कोपर सोललं. दार आता १ मीटर २० झालंय, आणि त्याची चौकट सरकवताना चौथ्या ओळीतली मागून तिसरी खिडकी गेली.

भाचीला अजून सांगितलेलं नाही.