गटवाचनाची नोंद : ‘बनगरवाडी’ संपली, आता ‘धग’

ठाण्यातल्या आमच्या वाचनकट्ट्याची ‘बनगरवाडी’वरची शेवटची बैठक परवा झाली आणि त्याच बैठकीत पुढचं पुस्तकही ठरलं. यंदाची चर्चा फार चांगली रंगली, म्हणून सविस्तर लिहून ठेवतेय. गटवाचन चालवणाऱ्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

माडगूळकरांच्या या १९५५ सालच्या कादंबरीत माणदेशातली धनगरांची वाडी दिसते ती बाहेरगावाहून आलेल्या तरुण मास्तराच्या नजरेतून. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसं आमच्यापैकी कुणीच विसरणार नाही. पण मास्तराचं जग म्हणजे शाळा, चावडी आणि माळरान. एका ताईंनी विचारलं, दुष्काळात या घरांतल्या चुलींचं काय झालं, बायकांनी दिवस कसे काढले? मग सगळी बैठक त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. माझ्या मते पुढचं पुस्तक असंच निवडावं, आधीच्या पुस्तकानं मनात काय शिल्लक ठेवलं ते पाहून.

नावं आली चार. ‘स्मृतिचित्रे’ सगळ्यांनाच हवं होतं. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, त्यामुळे पुस्तक केव्हाच स्वामित्वहक्कातून मुक्त झालंय आणि प्रतींचा प्रश्न येत नाही. पण ते मोठं आहे, घाईनं संपवण्याजोगं नाही. दिवाळीनंतर सावकाश घेऊ.

‘रणांगण’ (१९३९) सुचवणाऱ्या काकांनी मनापासून बाजू मांडली. लहानशी कादंबरी, युरोपातून निघालेली बोट, चक्रधर आणि जर्मनी सोडून निघालेली ज्यू हॅर्टा. पुस्तक थोर आहे यात वादच नाही. तरी मी विरोधात मत दिलं. ते मिटल्यावर मला कुणाशी बोलावंसंच वाटत नाही. काही पुस्तकं एकट्यानं वाचायची असतात, असं मला वाटतं.

खरी चुरस झाली ‘फकिरा’ आणि ‘धग’ यांच्यात. आमच्याकडे मतदानाआधी एक रीत आहे: सुचवणाऱ्यानं त्या पुस्तकाची दोन-तीन पानं मोठ्यानं वाचून दाखवायची. पुस्तकाची ओळख करून देताना आपण आपल्या आवडीबद्दलच बोलत राहतो, वाचून दाखवताना मात्र लेखक स्वतः बोलतो. ‘फकिरा’ची पानं ऐकताना खोलीत कुणी हललं नाही. वारणेच्या खोऱ्यातली ती भूक आणि उपाशी वस्तीसाठी धान्य लुटणारा तो माणूस! ही १९५९ सालची कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे, तेव्हा तिच्यावर बोलायचं तर जातीबद्दल सरळ बोलावं लागेल, आणि त्यासाठी पूर्ण महिना हवा, असं ‘फकिरा’च्याच बाजूच्या मंडळींनी म्हटलं. १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती असते. तो महिना ‘फकिरा’चा, हे तिथेच पक्कं केलं.

‘धग’ मी सुचवली होती, पण पानं वाचली ती मूळच्या अमरावतीच्या आमच्या मैत्रिणीनं. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६० ची, तिच्यातले संवाद वऱ्हाडी. मी घरी मनात वाचताना कित्येक ठिकाणी अडखळले होते. तिच्या तोंडून तीच वाक्यं आली आणि कौतिक समोर उभी राहिली. शिंप्याच्या घरातली ही बाई, नवऱ्याचा आधार नाही, तरी संसार तगवायला रात्रंदिवस राबते. तिच्या चुलीत काय शिजलं आणि काय शिजलं नाही हे शेळके सांगतात, कुठेही गळा काढत नाहीत. परवाच्या प्रश्नाला याहून जवळचं पुस्तक मला तरी ठाऊक नाही. हात वर झाले तेव्हा ‘धग’ थोड्याच मतांनी पुढे होती.

प्रतींचं सांगते. शेळके १९९२ साली गेले, म्हणजे हक्क अजून अबाधित आहेत. स्कॅन केलेली फाइल कुणी गटात टाकू नये, हे सर्वांनी मान्य केलं. काहीजण नवी प्रत विकत घेणार आहेत, तर काहीजण १८९३ पासून चालत आलेल्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करतील. जोड्या लावून एक प्रत दोघांत फिरवली तरी चालेल.

दर बैठकीला सुरुवातीची वीसेक मिनिटं नुसतं वाचन, मग चर्चा. घरी किंवा शेजारी वऱ्हाडी बोलणारं कुणी असेल तर त्यांना जरूर घेऊन या, ते सभासद नसले तरी चालेल.