निक्रोम तारेचा फोम कटर, नोंद ३ : हरवलेले ०.४८ व्होल्ट

करंटने तापलेल्या तारेने फोम कापायचा हा कटर. तार ८०/२० निक्रोम (८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियमचा मिश्रधातू), व्यास ०.४ मिमी, क्लिपांमधली लांबी ३० सेंमी. या जाडीला मीटरमागे साधारण ८.७ ओहम पडतात, म्हणजे तुकड्याचा रेझिस्टन्स २.६ ओहमच्या आसपास यायला हवा. सप्लाय ५.०० व्होल्टवर लावला, करंट आला १.७२ अँपिअर. भागाकार केला तर २.९१ ओहम. भागाकार बरोबर आहे. मग हे वरचे ०.३ ओहम कुठले?

तारेचे नाहीत. सप्लायच्या डिस्प्लेवरचे ५ व्होल्ट त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवरचे असतात. तिथून पुढे बारीक वायरी, क्रोकोडाइल क्लिपा, सिरीजमधला अँपिअरवरचा मल्टिमीटर, सगळेच आपापला वाटा घेतात. दुसऱ्या मल्टिमीटरचे प्रोब क्लिपांच्या आतल्या बाजूने थेट निक्रोमवर टेकवले, तर ४.५२ व्होल्ट. हरवलेले ०.४८ व्होल्ट ते हेच, वाटेतच गेले. ४.५२ ÷ १.७२ = २.६३ ओहम. तार ठीक आहे.

पॉवरही याच व्होल्टेजवरून काढायची. ४.५२ × १.७२ = ७.७७ वॉट तारेत, तर सप्लायकडून निघतात ८.६० वॉट. मधले ०.८३ वॉट जोडण्यांमध्ये जळतात, म्हणून क्लिपा तापतात.

बदल : क्लिपांऐवजी पितळी स्क्रू टर्मिनल आणि १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर. (निक्रोमला साधं सोल्डर धरत नाही, त्यामुळे स्क्रूने आवळणंच बरं.) नवीन वाचन १.८४ अँपिअर, तारेवर ४.८४ व्होल्ट. रेझिस्टन्स पुन्हा २.६३, पॉवर ८.९ वॉट. जोडण्या बदलूनही रेझिस्टन्स तोच आला, हीच या मोजणीची खरी परीक्षा.

मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हे काम भागत नाही. प्रोबच्या वायरींचेच ०.२ ते ०.५ ओहम त्यात मिसळतात. निदान प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करावा. मोठ्या रेझिस्टन्सला उलटा त्रास : १ मेगओहमवर १० मेगओहमचा व्होल्टमीटर लावला आणि करंट दोघांचा मिळून मोजला, तर उत्तर ०.९१ मेगओहम येतं. तिथे अँपिअर-मीटर आत आणि व्होल्टमीटर दोघांच्या बाहेरून लावायचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये विसरून व्होल्टेज मोजायला जाणं. तो सरळ शॉर्ट असतो. करंटचं वाचन झालं की प्रोब लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये हलवा. बऱ्याच मीटरांवर १० अँपिअरची रेंज काही सेकंदच वापरा असं छापलेलं असतं, तेही पाळा.

निक्रोमचा रेझिस्टन्स तापल्यावर थोडाच वाढतो, म्हणून थंड तारेवरचा हिशेब चालून जातो. फिलामेंटच्या बल्बला ही सवलत नाही : १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब पेटलेला असताना ६.९ ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

पुढचा टप्पा पीडब्ल्यूएमचा (सप्लाय भराभर चालू-बंद करून पॉवर कमी-जास्त करायची पद्धत), आणि तिथे सरासरी व्होल्टेज गुणिले सरासरी करंट करू नका. ५० टक्के ड्यूटीला, म्हणजे निम्मा वेळ चालू असताना, मीटर २.४२ व्होल्ट आणि ०.९२ अँपिअर दाखवेल, गुणाकार २.२ वॉट. तारेत प्रत्यक्षात ८.९ चे निम्मे, म्हणजे ४.४५ वॉट जातात. पूर्ण चालूची पॉवर काढा आणि ड्यूटीने गुणा.