क्रूझला जाण्याआधी आणि उतरल्यावर: आई-मावशीला घेऊन सिंगापूरहून पिनांग-फुकेत

क्रूझ करून आलो म्हटलं की लोक विचारतात, जेवण कसं होतं, खोलीला बाल्कनी होती का. जेवण उत्तम होतं, बाल्कनी नव्हती. जहाजावर एकदा चढलं की आपल्याला फारसं काही करावंच लागत नाही. सगळी धावपळ असते ती चढेपर्यंत आणि उतरल्यानंतर, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. बरोबर सत्तरीपुढच्या दोन बायका असतील तर या दोन टोकांचाच जास्त विचार करावा लागतो. माझ्यासोबत आई होती आणि मावशी. मावशी वयाने लहान, पण गुडघ्यांनी आईपेक्षा मोठी.

आमचा मार्ग सिंगापूर, पिनांग, फुकेत आणि परत सिंगापूर असा होता. डोंबिवलीतल्या ज्या एजंटकडे चौकशी केली तो पॅकेजचे फोटोच दाखवत बसला. मी व्हिसाचं विचारलं तर म्हणाला, "ते होऊन जाईल मॅडम." ते आपोआप होत नाही. सिंगापूरला विमानाने उतरलो, ही पहिली एंट्री. जहाजाने मलेशिया-थायलंडला जाऊन परत सिंगापूरच्या धक्क्याला लागलो, ही दुसरी. त्यामुळे सिंगापूरचा ई-व्हिसा हातात आला की सगळ्यात आधी त्यावर 'मल्टिपल जर्नी' लिहिलंय का ते बघायचं. सिंगल असेल तर परतीला धक्क्यावर अडकायला होतं. मलेशिया आणि थायलंडला आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना छोट्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नव्हता. पण हे नियम बदलत राहतात, म्हणून बुकिंगच्या वेळी एकदा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासलं. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक हवी. आईचा पासपोर्ट काठावर होता, तो आधी नवा करून घेतला आणि मगच बुकिंग केलं.

व्हिसा झाला तरी अरायव्हल कार्डं, म्हणजे देशात शिरण्याआधी भरायचे फॉर्म, उरतातच. सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, पोहोचायचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत. ते पूर्ण फुकट आहे. सर्चमध्ये वर येणाऱ्या काही साइट त्यासाठी डॉलर मागतात, त्यांच्या नादी लागू नका. तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयसीएच्या साइटवरच भरा. आता यातली मेख अशी की जहाजाने परत येतानाही हे कार्ड नव्याने भरावं लागतं, आणि तीन दिवसांच्या अटीमुळे चार रात्रींच्या सफरीत ते चढण्याआधी भरताच येत नाही. ते मधल्या बंदरात भरायचं. मी फुकेतला किनाऱ्यावर कॉफी पीत तिघींची कार्डं भरली. जहाजावर इंटरनेटचे पैसे मोजायची तयारी असेल तर तिथूनही होतं. मलेशियाचं डिजिटल कार्ड वेगळं, तेही तीन दिवसांच्या आतलं. थायलंडनेही मे २०२५ पासून स्वतःचं सुरू केलंय. यातलं कोणतं आपण भरायचं ते क्रूझ कंपनीच्या शेवटच्या ईमेलमध्ये असतं. तो ईमेल जाहिरातीसारखा दिसतो, तरी नीट वाचावा.

जहाज सुटायच्या दिवशीच विमानाने सिंगापूर गाठायचं, असा बेत अनेकजण एका रात्रीचं हॉटेल वाचवायला करतात. मला तो पटत नाही. मुंबईहून सिंगापूर साडेपाच तासांच्या आसपास आहे, घड्याळ अडीच तास पुढे जातं आणि बहुतेक विमानं रात्रीची. विमान चार तास लेट झालं तर विमान कंपनी दुसऱ्या विमानात बसवेल, पण जहाज थांबत नाही. आम्ही आदल्या सकाळी पोहोचलो आणि लिटल इंडियाच्या बाजूला फॅरर पार्कला उतरलो. खोली लहान होती, पण खाली उतरलं की सेरंगून रोड. १९४७ पासून चालू असलेल्या कोमला विलासमध्ये डोसा खाल्ल्यावर मावशीचा परदेशाबद्दलचा अर्धा संशय तिथेच मिटला.

बॅगा भरताना घरात खरी चर्चा झाली ती मिश्रीवरून. मावशी पन्नास वर्षं मिश्री लावते. सिंगापूरमध्ये तंबाखू, गुटखा, खैनी असं तोंडात धरायचं काहीही आणता येत नाही, आणि हा नियम नुसता कागदावरचा नाही. "अगं, एवढीशी डबी कोण बघतंय?" असं दोनदा विचारून तिने डबी शेवटी शेजारच्या काकूंकडे ठेवली. च्युइंगगमवरही बंदी आहे. खसखससुद्धा चालत नाही, त्यामुळे आईने केलेले अनारसे घरच्यांनी संपवले. औषधांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहिलेली. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं सिंगापूरला नेण्याआधी परवानगी लागते. तसं काही घेत असाल तर महिनाभर आधीच बघा.

जहाजाचे नियम आणखी वेगळे. इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती, एक्स्टेन्शन बोर्ड यातलं काही नेता येत नाही. आगीला ते लोक फार घाबरतात, आणि समुद्रात ते बरोबरच आहे. स्कॅनिंगमध्ये सापडलं तर काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. घरी केलेलं खाणंही आमच्या जहाजावर चालत नव्हतं, फक्त कारखान्यात सीलबंद झालेलं. म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या हॉटेलवरच संपवल्या आणि चिवड्याची सीलबंद पाकिटं तेवढी पुढे नेली. शाकाहारी, जैन किंवा कमी तिखट जेवण हवं असेल तर ते बुकिंग करतानाच लिहून द्यायचं. चढल्यावर सांगितलं तर पहिल्या रात्री सॅलडवर भागवावं लागतं, हे शेजारच्या टेबलावरच्या एका गुजराती कुटुंबाकडून कळलं.

बोट लागेल का, ही आईची एकच काळजी होती. मलाक्काची सामुद्रधुनी बहुतेक वेळा शांत असते, तरी खोली घेताना मी जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या डेकवरची घेतली, कारण हलणं तिथे सगळ्यात कमी जाणवतं. खोलीला खिडकी नसल्याने पैसेही वाचले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्यांना हात लावावा लागला नाही.

चढायच्या दिवशी मरिना बे क्रूझ सेंटरला जायचं होतं. मेट्रोचं मरिना साउथ पिअर स्टेशन जवळच आहे, पण तीन बॅगा आणि चार दुखरे गुडघे असताना टॅक्सीच बरी. चेक-इनची वेळ ऑनलाइन निवडायची असते. आम्ही दुपारची घेतली, कारण सकाळच्या पहिल्या स्लॉटला सगळेच गर्दी करतात. घरून छापून आणलेले टॅग बॅगांना स्टेपलरने घट्ट लावले. दारातच बॅगा हमालाकडे द्यायच्या, त्या संध्याकाळपर्यंत आपल्या खोलीबाहेर येतात. म्हणजे मधले चार-पाच तास आपल्याजवळ फक्त हातातली पिशवी. त्यात पासपोर्ट, व्हिसाच्या प्रिंट, औषधं, चष्मा आणि एक शाल. आमच्या पुढच्या रांगेत एका माणसाने पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून ती बॅग देऊन टाकली होती. त्याचं पुढे काय झालं कोण जाणे, त्याला बाजूला नेलेलं दिसलं.

मावशीसाठी व्हीलचेअर आधीच लिहून ठेवली होती. एक लक्षात घ्या, ही मदत धक्क्यापासून जहाजापर्यंत आणि उतरताना परत धक्क्यापर्यंतच असते. मधल्या बंदरात फिरायला ती खुर्ची मिळत नाही. तशी गरज असेल तर स्वतःची घडीची खुर्ची न्यावी.

पैशाचं एक सांगते. जहाजावर रोख चालत नाही. सगळं खोलीच्या कार्डावर लिहिलं जातं आणि मागे तुमचं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड जोडलेलं असतं. डेबिट कार्ड जोडलं तर खर्च होण्याआधीच काही रक्कम अडवून ठेवतात, आणि ती मोकळी व्हायला सफर संपल्यावरही बरेच दिवस जाऊ शकतात. म्हणून क्रेडिट कार्ड द्यावं, आणि बँकेच्या ॲपमध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय वापर चालू केलाय ना ते निघण्याआधी बघावं. नव्या कार्डांवर तो मुळात बंदच असतो. माणशी, दिवसाला अशी टीपही बिलात आपोआप चढते. आम्ही ती बुकिंगमध्येच भरून टाकली होती.

जहाज सुटण्याआधी सुरक्षेचं प्रात्यक्षिक असतं: सात छोटे भोंगे आणि एक लांब. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया बुडाली, तेव्हा त्या दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचं प्रात्यक्षिक झालंच नव्हतं. त्यानंतर ते सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घेण्याचा नियम झाला. आईने भोंगे मोजले आणि आपली जमायची जागा कुठे, हे प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या मुलाला दोनदा विचारून घेतलं.

पिनांग सोपं आहे. जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि बाहेर पडलं की जॉर्जटाउनच. घड्याळाचा मनोरा, फोर्ट कॉर्नवॉलिस, पुढे तिथलं लिटल इंडिया आणि १८३३ चं महामारिअम्मन मंदिर. टूर घ्यायची गरज नाही, जुन्या भागात फिरणारी फुकट बसही आहे. फुकेतचं तसं नाही. आमचं जहाज पातोंगसमोर समुद्रातच नांगर टाकून उभं राहिलं आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेलं. जहाजातून त्या हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो. मावशीने एकदा खाली बघितलं, "मी इथेच बरी" म्हणाली आणि वर जाऊन जलतरण तलावाशेजारी झोपली. गुडघ्यांचा त्रास असेल तर बुकिंगआधीच बघा, कुठल्या बंदरात धक्का आहे आणि कुठे अशी बोट.

फुकेतमध्ये घड्याळाचीही भानगड आहे. थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे, पण आमच्या जहाजाने आपली वेळ बदलली नाही. किनाऱ्यावर फोनने थाई नेटवर्क पकडलं आणि आपणहून एक तास मागे गेला. 'सगळ्यांनी पाचपर्यंत परत' म्हणजे जहाजाचे पाच, फोनवरचे चार. जहाजाच्या टूरने गेलात तर उशीर झाल्यास ते थांबतात. स्वतःच्या टॅक्सीने गेलात तर नाही. मनगटावर साधं घड्याळ लावून ते जहाजाच्या वेळेवर ठेवलं की प्रश्न मिटला. फोन समुद्रात एअरप्लेन मोडवरच ठेवा. जहाजाचं उपग्रह नेटवर्क नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुतेक वेळा येत नाही, आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं.

शेवटच्या रात्री रंगीत टॅग देतात. ते लावून मोठ्या बॅगा झोपायच्या आधी खोलीबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी टर्मिनलमध्ये टॅगप्रमाणे मिळतात. सकाळचे कपडे, चपला, गोळ्या आणि पासपोर्ट बाहेर काढून ठेवल्याशिवाय बॅग बंद करू नका. आमच्या मजल्यावरच्या एक बाई सकाळी जहाजाच्या पांढऱ्या स्लिपरमध्ये उतरल्या. स्वतःच्या बॅगा ओढत लवकर उतरायचीही सोय असते, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन ते करू नये. बिल त्याच रात्री टीव्हीवर उघडून ओळीने वाचलं. न मागवलेल्या एका पाण्याच्या बाटलीचे पैसे लागले होते, ते रिसेप्शनला रात्री अकराला पाच मिनिटांत काढून मिळाले. सकाळी सातला त्याच काउंटरवर लिफ्टपर्यंत रांग होती.

परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या. जहाज पहाटे धक्क्याला लागलं तरी उतरणं, इमिग्रेशन, बॅगा आणि टॅक्सी यांत सकाळ जाते. आमचं रात्रीचं होतं. थेट चांगी विमानतळावर गेलो, सामान तिथल्या लगेज काउंटरला ठेवलं आणि दिवसभर विमानतळाला लागूनच असलेल्या ज्युएल मॉलमधल्या धबधब्याजवळ बसलो. जमीन तेव्हाही किंचित हलल्यासारखी वाटत होती. एक-दोन दिवस असं होतं म्हणे.

खरेदी मात्र या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा. सिंगापूरमधला ९ टक्के जीएसटी किमान शंभर सिंगापूर डॉलरच्या खरेदीवर पर्यटकांना परत मिळतो, पण फेरी मारून तिथेच परतणाऱ्या क्रूझवर चढताना तो मिळत नाही, विमानतळावरूनच मिळतो. वस्तू मोठ्या बॅगेत जाणार असतील तर बॅग देण्याआधी मशीनवर दावा करायचा. जहाजावरची स्वस्त दारू घ्यायचा मोह असेल तर शेवटचं बंदर कोणतं ते बघा. मलेशियाहून येणाऱ्याला सिंगापूरमध्ये दारूवर करमाफी नाही, आणि सिगारेटवर तर कुठूनही आलात तरी नाही.

घरी आल्यावर महिनाभर कार्डाचं स्टेटमेंट बघत राहा. उतरल्यानंतरही एखादी रक्कम उशिरा चढू शकते, तेव्हा शेवटच्या रात्रीच्या बिलाचा फोटो काढलेला असला की भांडायला सोपं जातं.