परदेशात जंगल उभं करायला निघालेल्या पोरांनी आधी काय शिकावं

तरुण पोरापोरींना वनशास्त्राचं प्रत्यक्ष काम शिकवायचं आणि ते शिकता शिकताच दुसऱ्या एखाद्या देशातल्या गावकऱ्यांच्या सोबतीने तिथलं उजाड झालेलं रान परत उभं करायचं, असं काम करणाऱ्या ना-नफा संस्था जगात बऱ्याच आहेत आणि मला हा प्रकार मनापासून आवडतो. हवामान बदलाची काळजी वाटणारी मुलं आज खूप आहेत, पण त्या काळजीचं करायचं काय हे त्यांना कोणी सांगत नाही, मोर्चा झाला पोस्ट झाली मग पुढे काय? इथे निदान हातात कोयता येतो, टेप येते, मातीत बसून काम करावं लागतं. माझ्या मैत्रिणीची मुलगी अशाच एका संस्थेत अर्ज करायच्या विचारात आहे, तिने मला विचारलं की चांगली संस्था ओळखायची कशी, तेव्हा तिला जे बोलले तेच जरा सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे किती लाख झाडं लावली हा आकडा बाजूला ठेव. लावलेलं झाड आणि जगलेलं झाड यात फार अंतर असतं. फिलिपिन्समध्ये खारफुटी लागवडीवर वर्षानुवर्षं प्रचंड पैसा खर्च झाला आणि तरी बऱ्याच ठिकाणी दहातली एक-दोनच रोपं टिकली, कारण रोपं लावली ती जागाच चुकीची होती. खारफुटी जिथे मुळात उगवते त्या जमिनी मत्स्यतळ्यांसाठी गेलेल्या, त्यांची मालकी कोणाची हा वाद नको म्हणून मग लागवड झाली मोकळ्या चिखलपट्ट्यात आणि समुद्री गवताच्या कुरणात, जिथे रोप भरतीत दिवसभर बुडून राहतं. म्हणजे रोपंही गेली आणि समुद्री गवताचंही नुकसान झालं. लावणारे स्वयंसेवक मात्र मनापासून राबले होते, हे मला जास्त लागतं. त्यांना जागा वाचायला कोणी शिकवलंच नव्हतं ना!

म्हणून संस्था बघताना ती शिकवते काय ते बघायचं. खड्डा खणून रोप लावणं हे शिकायला एक सकाळ पुरते. खरं शिक्षण त्याच्या आधी आणि नंतर असतं. आधी बी. बी कुठल्या झाडाचं घ्यायचं, एकाच मोठ्या झाडाखाली वाकून पोतं भरलं तर पुढचं सगळं रान भावंडांचंच होणार, म्हणून एकमेकांपासून लांब असलेल्या पुष्कळ झाडांवरून थोडं थोडं गोळा करायचं असतं. मग ते बी वाळवून ठेवता येतं की ताजंच पेरावं लागतं हे जातीजातीवर असतं, पावसाळी जंगलातल्या कितीतरी झाडांचं बी वाळलं की मेलं. मग रोपवाटिका. पिशवीत रोप जास्त दिवस राहिलं की मुळं तळाशी गोल गोल गुंडाळली जातात, आणि असं रोप लावल्यावर एखाद-दोन वर्षं छान दिसतं आणि मग वाऱ्यात आडवं होतं. लागवडीच्या आधी काही आठवडे पाणी कमी करायचं सावली काढायची म्हणजे रोप काटक होतं, नाहीतर लाडात वाढलेलं रोप माळावरच्या उन्हात टिकत नाही. आणि लावल्यानंतरची खुरपणी, रोपाभोवती पाण्याची आळी, मेलेल्यांच्या जागी नवीन रोपं, आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेले पट्टे म्हणजे जाळरेषा, गुरांचा बंदोबस्त, दर वर्षी मोजणी. जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाची जाडी मोजायची हा साधा नियम पण उतारावर, वाकड्या झाडावर, दोन खोडांच्या झाडावर तो कसा लावायचा हे प्रत्यक्ष कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

थायलंडमध्ये च्यांग माई विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र १९९४ पासून याच कामात आहे. तिथल्या डोंगरावरच्या ह्मोंग लोकांच्या बान मे सा माई गावाबरोबर त्यांनी पडीक झालेल्या शेतजमिनीवर जंगल परत आणलं. पद्धत अशी की तिथल्याच रानातल्या साधारण वीस-तीस जाती निवडायच्या, भराभर वाढणाऱ्या, सावलीने गवत दाबणाऱ्या, आणि लवकर फुलं-फळं धरून पाखरं वटवाघळं बोलावणाऱ्या. मग उरलेल्या जातींचं बी पाखरंच आणून टाकतात. पण या सगळ्याला अट एकच की पहिली दोन वर्षं पावसाळ्यात पुन्हा पुन्हा खुरपणी झाली पाहिजे. गावाची स्वतःची रोपवाटिका आहे. मला या कामात सगळ्यात मोलाचं हे वाटतं की विद्यापीठाने पुस्तकी ज्ञान आणलं आणि कुठलं झाड कधी फळतं, कुठल्या ओढ्याकाठी सापडतं हे गावाने सांगितलं. शिकणाऱ्या मुलांना दोन्ही बाजूंनी शिकायला मिळतं.

तरुणांकडून जंगलाचं काम करून घ्यायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत महामंदीच्या काळात रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कॉर्प्स काढली, बेकार तरुणांना छावण्यांमध्ये ठेवून झाडं लावायला, वणवे विझवायला, रस्ते आणि पायवाटा बांधायला लावलं. महिन्याला ३० डॉलर मिळायचे, त्यातले साधारण २५ थेट घरी जायचे. १९४२ पर्यंत जवळजवळ ३० लाख तरुण त्यातून गेले आणि तीन अब्जांच्या आसपास झाडं लागली. मजुरी मिळत होती, जेवण मिळत होतं, संध्याकाळी लिहायला-वाचायला शिकवायचे, हे सगळं मला फार आवडतं. पण मुलींना त्यात जागा नव्हती आणि काळ्या तरुणांच्या छावण्या बहुतेक ठिकाणी वेगळ्या होत्या.

आणि बायकांना रान उभं करता येतं का याचं उत्तर केनियाने दिलंच आहे. वंगारी मथाई यांनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. सरपण लांब गेलं, झरे आटले, हे गावातल्या बायका सांगत होत्या म्हणून. सुरुवातीला वनखात्याचे लोक शिकवायला आले पण त्यांची भाषा इतकी तांत्रिक की बायका गोंधळल्या, मग मथाई म्हणाल्या तुम्ही आयुष्यभर बी पेरत आलात तसंच हेही पेरा, आणि बायकांनी फुटक्या भांड्यात रोपं केली. पैसे मिळायचे ते जगलेल्या रोपाचे. रक्कम अगदी छोटी, पण नियम बघा ना, लावण्याचे नाही तर जगवण्याचे पैसे! आज या चळवळीने लावलेल्या झाडांची संख्या पाच कोटींच्या पुढे आहे, मथाई यांना २००४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. परदेशात जाऊन प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा धडा आधी वाचावा असं मला वाटतं, कारण प्रशिक्षण देणाऱ्याची भाषा शिकणाऱ्याला कळत नसेल तर दोष शिकणाऱ्याचा नसतो.

आता पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाची गोष्ट, माझी सगळ्यात लाडकी, ही मी भेटेल त्याला सांगते. टोनी रिनाउडो नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मराडी भागात वनीकरण प्रकल्प बघत होता. दर वर्षी रोपं लावायची आणि बहुतेक मरायची, उष्णता, दुष्काळ, बकऱ्या, वाळूचा मारा. १९८३ मध्ये एकदा त्याचं लक्ष वाटेवरच्या झुडपाकडे गेलं, जवळ जाऊन बघतो तर ते झुडूप नव्हतंच, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून आलेले फुटवे होते. म्हणजे त्या उजाड दिसणाऱ्या शेतांखाली जिवंत मुळं पसरलेली होती, आणि शेतकरी दर वर्षी पेरणीआधी ते फुटवे साफ करून जाळत होते. मग काम काय, तर प्रत्येक बुंध्यावरचे चार-पाच जोमदार फुटवे ठेवायचे, बाकीचे कापायचे, राहिलेल्यांची खालची छाटणी करत राहायची. रोपवाटिका नको, पाणी नको, खड्डा नको. मूळ आधीच खोलवर गेलेलं असल्यामुळे फुटवा झपाट्याने वाढतो. सरपण मिळालं, पालापाचोळ्याने जमीन सुधारली, वाऱ्यापासून पीक वाचलं, आणि एका शेतकऱ्याचं बघून दुसरा करायला लागला. पुढच्या वीसेक वर्षांत नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरवर अशी झाडं परत उभी राहिली.

पण यातला एक भाग लोक सांगायचा विसरतात. झाडं कायद्याने सरकारची होती. शेतातलं झाड जपायचं शेतकऱ्याने आणि फांदी तोडली तर दंडही त्यालाच, मग तो कशाला जपेल? आधी वनखात्याच्या लोकांनी तिथे हात सैल सोडला आणि पुढे कायद्यातही बदल होत गेले, शेतकऱ्याला झाड आपलं वाटायला लागलं आणि मगच हे पसरलं. म्हणून त्या मुलीला मी म्हटलं, संस्थेला विचार की जमीन कोणाची आहे आणि वीस वर्षांनी त्या झाडाची फांदी तोडायचा हक्क कोणाचा आहे. याचं सरळ उत्तर आलं नाही तर बाकीचे फोटो कितीही सुंदर असोत, मला तिथे भरवसा वाटणार नाही.

नेपाळमध्येही असंच. १९७० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियाच्या मदतीने सिंधुपालचोक आणि काभ्रे जिल्ह्यांत उघड्या डोंगरांवर पाईन लावले गेले. पाईन जगले, डोंगर हिरवे झाले, ते काम वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पण गावाला हवा होता चारा आणि पानगळीचं खत, आणि पाईन ते देत नाही. पुढे गावांच्या वनसमित्यांच्या हातात कारभार आला, १९९३ च्या वन कायद्याने त्याला पक्कं बळ दिलं, आज अशा २२ हजारांहून जास्त समित्या आहेत आणि देशाचं वनक्षेत्र १९९२ च्या साधारण २६ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ४५ टक्क्यांवर गेलं. त्यातलं बरंचसं जंगल कोणी लावलेलं नाही. चराई आणि तोड कुठे थांबवायची, कुठला भाग कधी उघडायचा, दाटीतली झाडं काढून विरळणी किती करायची हे गावाने ठरवलं आणि रान आपोआप आलं. गावातली तरुण माणसं कामासाठी देशाबाहेर गेली, रानावरचा ताण कमी झाला, हेही त्यातलं एक कारण आहे.

हे वाचून वाटेल मग बाहेरच्या पोरांनी जायचंच कशाला. जायचं, नक्की जायचं, पण आपण हिरवळ घेऊन आलोय असं समजून नाही. फिलिपिन्समध्ये कोगॉन गवताने व्यापलेल्या डोंगरांवर एक काम चालतं, गवतात दडलेली लहान लहान झाडाची रोपटी शोधून काठीने खूण करायची आणि मग आजूबाजूचं गवत फळीने दाबून आडवं करायचं. कापायचं नाही, कापलं की ते दुप्पट जोराने येतं, दाबलं की वाढ मंदावते आणि आगही तितकी भडकत नाही. खर्चही नवीन लागवडीच्या मानाने कितीतरी कमी. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, दिवसभर गवतावर फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं. पण जो मुलगा किंवा मुलगी हे आठवडाभर मन लावून करेल त्याला किंवा तिला झाडाची दोन पानं बघून जात ओळखता येऊ लागेल, आणि ही नजर जगात कुठेही उपयोगी पडते.

अजून एक मागणं माझं अशा सगळ्या संस्थांकडे आहे. बाहेरून येणाऱ्या एका मुलाच्या विमानाच्या तिकिटात त्या गावातल्या तरुणाला कितीतरी दिवसांची मजुरी देता येते, तर प्रत्येक येणाऱ्या मुलामागे गावातल्या एका तरुणाला तेच प्रशिक्षण, तेच प्रमाणपत्र आणि वर पगार मिळाला पाहिजे. परदेशी मुलं तीन महिन्यांनी परत जाणार, चौथ्या वर्षी वणवा आला तर विझवणार तो गावातलाच. त्याच्याकडे नकाशा, जीपीएस, मोजणीच्या वह्या आणि त्या वाचायचं ज्ञान हवं.

मैत्रिणीच्या मुलीला मी शेवटी एवढं सांगितलं की तिसऱ्या वर्षीच्या मोजणीत किती रोपं जिवंत होती ते माग, मेलेल्यांची कारणं लिहिलेली आहेत का ते बघ, आणि तुला तारखा निवडता येत असतील तर लागवडीचा हंगाम सोडून दे, तेव्हा तिथे माणसं भरपूर असतात, तू खुरपणीच्या दिवसांत जा.