बाळाला कोको चालेल ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी घरी केक करते, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा तरी फोन येतो, "ताई, बाळाचा हाफ बर्थडे आहे, कोकोचा छोटासा केक द्याल? नुसतं चाटेल हो." सहा महिन्यांचं बाळ! परवापर्यंत फक्त दूध, काल उष्टावण, आणि आज कोको.

वर्षाच्या आत नको. पुढेही चिमूटभरच, बिनसाखरेचा, आणि संध्याकाळी तर नाहीच.

कोको म्हणजे विष नव्हे. पण 5 ग्रॅम पावडरीत साधारण 100 मिलिग्रॅम थिओब्रोमिन (कॅफिनच्याच जातीचं उत्तेजक द्रव्य) असतं, वर थोडं कॅफिन. आपल्याला जाणवतही नाही, सात किलोच्या जिवाचं गणित निराळं. "पण कोकोत लोह असतं की," असं एका आईने ऐकवलं. असतं. पण त्यातलीच पॉलिफिनॉल नावाची वनस्पतिद्रव्यं ते अंगी लागू देत नाहीत, सोबत खाल्लेल्या वरणभातातलंही अडवतात. आणि पोटातून आणलेला लोहाचा साठा बाळाचा नेमका याच सुमारास संपत आलेला असतो.

खरी मेख मात्र साखरेत आहे. माझी लेक दहा महिन्यांची असताना रांगत आली आणि बिनसाखरेच्या कोकोच्या उघड्या डब्यात बोट बुडवून थेट तोंडात. चेहरा आक्रसला, जीभ बाहेर, मग एक जोरदार शिंक. माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर तपकिरी नक्षी! त्या डब्याकडे ती पुन्हा फिरकली नाही. म्हणजे बाळांना आवडते ती साखर, कोको निमित्त. दुधात घालायच्या पावडरीचा डबा उलटा करून वाचून बघा. जागतिक आरोग्य संघटना 2023 पासून स्पष्ट सांगते, 6 ते 23 महिन्यांच्या मुलांना जास्त साखरेचे पदार्थ नकोत.

मग हाफ बर्थडेला मी काय देते? नाचणीचं पीठ खमंग भाजायचं, त्यात पिकलं केळं कुस्करायचं, भिजवलेला खजूर गुळगुळीत वाटून घालायचा, आणि ढोकळ्यासारखं वाफवायचं. रंग हुबेहूब चॉकलेटचा. फोटोत कुणाला कळत नाही.

मोठ्यांसाठी कोकोचा केक वेगळा देते, बाळापासून लांब ठेवा म्हणून बजावते. तरी कुणीतरी आजोबा बोटभर क्रीम चाटवतातच. एका बोटाने काही बिघडत नाही, पण हे आजोबांना सांगू नका.