चहा नंतर, आधी आग

मे महिन्यात आणि दिवाळीनंतर नागपुरातून उत्तराखंड-हिमाचलच्या ट्रेकला निघणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: "वाट चुकली आणि रात्र जंगलातच काढावी लागली, तर पाइनच्या झाडाचा काही उपयोग होतो का? त्याच्या पानांचा चहा पिऊन माणूस तगतो म्हणतात." तुम्हीही तेच विचारलंत म्हणून हे सविस्तर.

उपयोग होतो, फार होतो. पण चहाचा नाही. पहाडात वाट चुकलेल्याचा पहिल्या रात्री घात करते ती थंडी आणि अंगावरची ओल. पाइनच्या पानांत क जीवनसत्त्व असतं हे खरं, पण ते न मिळाल्यानं होणारा स्कर्व्ही दिसायला निदान महिना लागतो. तुम्हाला काढायची असते एक रात्र, फार तर तीन. म्हणून या झाडाकडे आग आणि अंथरूण मागायचं.

आधी ओळख. आपल्या विदर्भाच्या रानात पाइन नाही; साग, सलई, मोह ओळखणारा डोळा तिकडे चुकतो. साधारण दोन हजार मीटरपर्यंत भेटतो तो चीड: सुयांसारखी पानं तीन-तीनच्या जुडीत, वीतभर किंवा त्याहून लांब. त्याच्या वर कैल: पाच-पाचची जुडी, खाली लोंबणारी. देवदार पाइन नव्हे. त्याच्या सुया आखूड आणि झुबक्यांनी येतात. आणि थुनेर नीट लक्षात ठेवा. त्याची पानं चपटी, सुटी, डहाळीच्या दोन्ही बाजूंना ओळीनं. लाल फळाचा गर सोडला तर ते अख्खं झाड विषारी आहे, आतली बीसुद्धा. जुडी मोजल्याशिवाय कुठलंही पान उकळत्या पाण्यात टाकू नका.

आता आग. खरा खजिना असतो मेलेल्या चीडाच्या बुडख्यात, आणि वाळलेली फांदी खोडाला जिथे जुळते त्या सांध्यात. बाहेरचं लाकूड कुजून जातं, राळ मुरलेला गाभा मात्र तसाच राहतो. कुमाऊंत त्याला छिलुक म्हणतात, गढवालात छिल्ला. रंग नारिंगी-तांबूस, हाताला जड, वास टर्पेंटाइनचा, वर पाणी टाकलं तर थेंब घरंगळतात. वास येत नसेल तर ते साधं लाकूड आहे, पुढचा बुडखा बघा.

चाकूच्या पाठीची धार काटकोनी असेल तर तिनं हे लाकूड खरवडा, भुगा पडेपर्यंत. मोठ्या लिंबाएवढा ढीग हवा. इथेच बहुतेकांचं चुकतं: ते जाड ढलप्या काढतात आणि फेरो रॉडच्या (घासली की ठिणग्या पाडणाऱ्या धातूच्या कांडीच्या) ठिणग्या त्यांच्यावर वाया घालवतात. ठिणगीला धुळीसारखा भुगा लागतो. पातळ ढलपी पेटते, पण काडेपेटीच्या ज्योतीवर. भुग्यावर आगकाडीएवढ्या पंधरा-वीस चोया, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. हे सगळं हाताशी रचून झाल्यावरच ठिणगी पाडा. जमीन ओली किंवा बर्फाची असेल तर खाली मनगटाएवढ्या लाकडांचा ओटा करा, नाहीतर आग स्वतःच वितळवलेल्या पाण्यात विझते.

पावसात जमिनीवरचं सरपण घेऊ नका. खोडालाच लटकलेल्या खालच्या वाळक्या फांद्या मोडा. कट्‌ असा आवाज आला तर कोरडी. वाकली तर सोडून द्या. खोडावर गोठलेला राळेचा गोळा सालीच्या तुकड्यावर ठेवून पेटवला तर बराच वेळ जळतो, पण वितळलेली राळ कातडीला चिकटून भाजते, म्हणून तो हातात धरू नये. आणि धुरात काजळी फार. अन्न थेट त्या ज्वाळेवर भाजू नका.

एवढं सांगितल्यावर धोका सांगणं भाग आहे. चीडाखालच्या वाळक्या सुया, तिकडचा पिरूल, फेब्रुवारी ते जून या काळात एका ठिणगीनं अख्खा डोंगर पेटवतात. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हाही आहे. जीवावर बेतलं तरच पेटवा, तेही ओढ्याच्या वाळूत किंवा उघड्या खडकावर, भोवती दोन मीटर मातीपर्यंत साफ करून. निघताना पाणी ओतून राखेत हात घालून बघा. गरम लागली तर अजून ओता.

हाच पिरूल अंथरूण म्हणून मात्र सोनं आहे. कोरडा गोळा करून गुडघाभर उंच रचा. त्यावर निजलात की दबून वीतभर उरेल, आणि तेवढा लागतोच. दोन्ही बाजूंना ओंडके लावा, नाहीतर सुया घसरतात आणि पहाटे तुम्ही उघड्या जमिनीवर असता. हे अंथरूण आगीपासून लांबच हवं. छपराची अपेक्षा चीडाकडून करू नका, त्याचा पर्णसंभार विरळ असतो. पावसात त्यापेक्षा कपारीचा आडोसा बरा.

दिवस उजाडला की भडकलेल्या आगीवर हिरव्या डहाळ्या टाका. पांढरा, दाट धूर दुरून दिसतो. फोनला रेंज मिळाली तर 112.

चहा करायचाच असेल तर मूठभर हिरव्या सुया चिरून, आगीवरून उतरवलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा. गरोदर बाईनं तो घेऊ नये. त्याचा खरा फायदा गरम पाण्याचा. आतली साल खातात हेही खरं. फिनलंडमध्ये 1866-68 च्या दुष्काळात तिचं पीठ भाकरीत मिसळत. पण ती वाळवून दळावी लागते, आणि खोडाभोवती गोल सोलली की झाड मरतं. एका रात्रीसाठी तिला हात लावायचं कारण नाही.

सराव मात्र इथूनच करून जा. लकडगंजात पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन मिळतं. त्यातले गाठीचे, पिवळट, वासाचे तुकडे निवडा. 'एमबी' छापाचं लाकूड घेऊ नका, ते विषारी वायूनं धुरी दिलेलं असतं. राळेसाठी इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानात गंधबिरोजा मागा. गच्चीवर, पाण्याची बादली शेजारी ठेवून आधी कोरडं लाकूड पेटवून बघा, मग तेच लाकूड रात्रभर पाण्यात बुडवून. दुसऱ्या खेपेला वरचा ओला थर तासून आतलं कोरडं लाकूड काढावं लागेल, आणि त्याला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. पहाडात अंधार पडायच्या किती आधी कामाला लागायचं ते त्यावरून ठरवता येईल.