'नाइस'खालची लाल रेघ

आठवीत 'माय स्कूल' या निबंधात मी पाच वेळा 'नाइस' लिहिलं होतं, नाइस बिल्डिंग, नाइस ग्राउंड, नाइस टीचर्स वगैरे, आणि आपल्या इंग्रजीच्या सरांनी पाचही ठिकाणी खाली लाल रेघ मारली पण मार्क काही कापले नाहीत. वही हातात देत म्हणाले, "अरे, सातशे वर्षांपूर्वी हे लिहिलं असतंस तर आम्ही सगळे मास्तर मूर्ख आहोत असा अर्थ झाला असता!"

मग त्यांनी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि अख्खा तास या एका शब्दावर घेतला. मूळ लॅटिन 'नेस्कियुस', म्हणजे ज्याला काही माहीत नाही असा. त्यातला 'स्कीरे' म्हणजे जाणणे, आणि आपला 'सायन्स' त्याच घरातला, हे ऐकून तर मी थक्क झालो होतो. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द साधारण १३०० च्या सुमाराला इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता मूर्ख, बावळट. पुढे छचोर, मग बुजरा, मग नाजूक, मग खाण्यापिण्यात नखरे करणारा चोखंदळ. आणि चोखंदळ माणूस प्रत्येक गोष्ट बारकाईनं बघतो ना, म्हणून सोळाव्या शतकात 'काटेकोर' हाही अर्थ आला, 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे बारीकसा फरक, हे आजही म्हणतात. 'छान' हा अर्थ अगदी अलीकडचा, अठराव्या शतकातला. सरांनी फळ्यावर बाण काढत काढत हे सगळं लिहिलं, खडू संपला तर दुसरा आणायला मलाच पिटाळलं.

शेवटी म्हणाले, इंग्रजीचं नवल नको, आपला 'राग' बघा, संस्कृतात रंग, प्रेम, आसक्ती, आणि मराठीत आपण तोच राग डोक्यात घालून घेतो.

त्या तासापासून मला शब्दांचा नाद लागला तो लागलाच, आज बँकेत नोकरी करतो, तरी रात्री जेवण झालं की शब्दकोश उघडतोच. सर या वेळी आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला येणार आहेत असं कळलंय. त्यांच्यासाठी एक शब्द जपून ठेवलाय, 'साहस'. जुन्या धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीनं केलेला गुन्हा, त्याला शिक्षा सांगितलीये, आणि आपण शाळेच्या लायब्ररीत साहसकथांसाठी भांडायचो. सर, पहिल्या रांगेत बसा, मी शोधत येतो.